जुना वाडा, नवे पाहुणे



तुमच्या गावात एखादा जुना वाडा आहे का? दाराला कुलूप, छपरावर गवत आणि भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप, अशी त्याची अवस्था असेल. ते रोप लहान दिसते; पण त्याची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरतात. ती जाड झाली की दगड सरकतात. त्या फटींतून पावसाचे पाणी आत जाते आणि भिंत ढासळू लागते. घरात माणसे असली, तर ते रोप कुणीतरी वेळीच उपटते. म्हणूनच राहते घर टिकते आणि रिकामे घर लवकर पडते.

मोठे वाडे राखणे मात्र सोपे नसते. पूर्वी संस्थानिकांना राज्याचा महसूल मिळत असे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने भारतात विलीन झाली. त्यानंतर सरकारकडून त्यांना तनखे मिळू लागले. तेही 1971 साली बंद झाले. वाडे तेवढेच राहिले, उत्पन्न मात्र आटले. मग काहींनी वाडे विकले, तर काहींनी त्यांची हॉटेले केली.

आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी हे गाव आहे. तेथे मोती तलावासमोर भोसले घराण्याचा राजवाडा आहे. तो तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1755 ते 1803 या काळात बांधला गेला. 2022 साली या राजवाड्याच्या आवारातील ताईसाहेब वाड्यात एक लहानसे हॉटेल सुरू झाले. राजघराण्यातील माणसे आजही तेथे राहतात. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या पैशांचा वास्तू राखायला आधार होतो.

या राजवाड्याने आणखी एक गोष्ट जपली आहे. ती म्हणजे गंजिफा. हा शब्द तुम्हांला उर्दू शब्दकोशातही सापडेल. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबर बादशहाच्या आत्मचरित्रातही त्यांचा उल्लेख आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा संच असतात. प्रत्येक संचात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा पत्ते. एकूण किती झाले? 120! फारसी नावाच्या खेळात दशावतार आले आणि दशावतारांच्या खेळात वजीर राहिला. छापील पत्ते स्वस्त झाले, तशी ही कला मागे पडली. तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्त्वशिलादेवी यांनी वृद्ध कारागिरांकडून ती पुन्हा शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. हॉटेलच्या खोल्यांतही गंजिफांची चित्रे आहेत.

तुम्ही विचाराल, "सर, हॉटेल झाले तर गरिबाने वाडा पाहायचा कसा?" प्रश्न योग्य आहे. ज्या वाड्यात फक्त पैसेवाल्यालाच प्रवेश असतो, तो गावापासून तुटतो. सावंतवाडीत दरबार हॉल आणि कारागिरांचे काम पाहायला सामान्य माणूसही तिकीट काढून जाऊ शकतो. वास्तू जपावी आणि दारही उघडे ठेवावे, हा मार्ग मला बरा वाटतो.

प्रत्येक जुन्या वास्तूचे हॉटेल करता येत नाही आणि करूही नये. आपल्या चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट पाहा. जटपुरा, पठाणपुरा हे त्याचेच दरवाजे. तो साऱ्या शहराचा आहे. त्याच्यावर झाडेझुडपे माजली होती. 2017 साली इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी स्वतः श्रमदान करून त्याची सफाई सुरू केली. त्यासाठी राजघराण्याचा पैसा लागला नाही. विळा, कुदळ आणि रोजची थोडी सवड लागली.

महाल, दरवाजा, इमारत, दिवाणखाना हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. शब्द आपण वापरत राहिलो, म्हणून ते टिकले. वास्तूंचेही तसेच आहे. पुढच्या वेळी जुन्या भिंतीत पिंपळाचे कोवळे रोप दिसले, तर मोठ्या माणसांना लगेच सांगा. आज ते चिमटीत उपटता येते; दहा वर्षांनी भिंतच उतरवावी लागेल.

स्वाध्याय
1. रिकामे घर लवकर का पडते?
2. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूविषयी आजी-आजोबांना विचारा आणि पाच वाक्ये लिहा.