एका पत्त्यावरचे दोन खेळाडू

घरात कॉम्प्युटर दोन, राऊटर एकच आणि दोघा भावंडांना एकाच ऑनलाइन गेममध्ये एकत्र उतरायचे आहे. पहिल्याचा गेम सुरळीत चालू होतो. दुसऱ्याने आत यायचा प्रयत्न केला, की 'नॅट टाइप स्ट्रिक्ट' असा संदेश झळकतो, नाहीतर दुसरा आत येताच पहिला बाहेर फेकला जातो. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी माणसाशी खेळता येते, मात्र शेजारच्या खोलीतल्या बहिणीशी खेळता येत नाही, असे हे कोडे आहे. दुकानात त्यावरचे उत्तर ठरलेले असते: जास्त अँटेनांचा महागडा 'गेमिंग राऊटर' घ्या. पण इथे अडचण वेगाची नाही आणि सिग्नलचीही नाही, अडचण पत्त्याची आहे. इंटरनेटवरचे पत्ते कमी पडणार, हे लक्षात आल्यावर तीसेक वर्षांपूर्वी एक तात्पुरती सोय केली गेली आणि ती कायमची होऊन बसली. तिचे दुखणे घरोघरी आधी जाणवले ते खेळणाऱ्यांना, आणि त्यावरचा इलाज शोधून जगापुढे मांडण्यात गेम लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरांचा वाटा मोठा होता. तो फारसा कुणाच्या स्मरणात नाही, म्हणून हे कोडे जरा मुळापासून उलगडून पाहायला हवे.

१९८१ साली इंटरनेटच्या पत्त्याची लांबी ३२ बिट अशी पक्की झाली. त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते मिळतात. त्या वेळी जाळ्यावर जेमतेम काहीशे यंत्रे होती, त्यामुळे हा साठा अक्षय्य वाटला असल्यास नवल नाही. दहा-बारा वर्षांतच तो पुरणार नाही, हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी 'आरएफसी १६३१' या टिपणात एक तोड सुचवली. घरातल्या किंवा कार्यालयातल्या सगळ्या यंत्रांना आतल्या आत वापरायचे खासगी पत्ते द्यायचे, बाहेर मोजकेच खरे पत्ते (घरात बहुधा एकच) दाखवायचे आणि दारातल्या यंत्राने येता-जाता माहितीच्या प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता बदलायचा. हेच ते नॅट. विशेष म्हणजे लेखकांनी स्वतःच बजावले होते, की हा कायमचा उपाय म्हणून योग्य नाही आणि कदाचित तात्पुरता उपाय म्हणूनही योग्य ठरणार नाही. आपल्याच शोधाबद्दल इतके स्वच्छ लिहिणारे संशोधक विरळा. त्यांचा शोध जगाने घेतला, इशारा मात्र बाजूला ठेवला.

नॅटचे काम समजून घ्यायला पीपी नंबरसारखे दुसरे उदाहरण नाही. फोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळी वाड्यात एका घरी फोन असे आणि बाकीची बिऱ्हाडे तोच नंबर 'पीपी' म्हणून आपल्या अर्जांवर आणि पत्रिकांवर देत. फोन आला, की 'कुणाला बोलावू?' हा पहिला प्रश्न. फोन करणाऱ्याने आडनाव सांगितले, की काम होई. राऊटरवर या आडनावाची जागा पोर्ट नंबर घेतो. ० ते ६५,५३५ यांतला एक आकडा प्रत्येक पॅकेटवर असतो आणि 'या पोर्टवर आलेले उत्तर आतल्या अमक्या यंत्राला द्यायचे' अशी नोंद राऊटर आपल्या तक्त्यात करून ठेवतो. आता त्याच वाड्यात दोन बिऱ्हाडे कुलकर्ण्यांची असली तर? एक्सबॉक्सचे ऑनलाइन जाळे ३०७४ क्रमांकाचे पोर्ट वापरते, 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये यजमान होणारा कॉम्प्युटर ६११२ वर पाहुण्यांची वाट पाहतो. घरात अशी दोन यंत्रे असली, की दोघांचे आडनाव एकच. राऊटर पहिल्याला ३०७४ देतो आणि दुसऱ्याला बाहेर भलताच आकडा दाखवतो. पलीकडचा गेम मात्र ३०७४ वरच हाक मारतो, आणि ती हाक पहिल्याच्याच दारी जाते. 'पोर्ट फॉरवर्डिंग' करूनही हा तिढा सुटत नाही, कारण एक पोर्ट एकाच यंत्राकडे वळवता येते. म्हणूनच 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये पोर्ट बदलायची सोय होती. एका कॉम्प्युटरला ६११२ आणि दुसऱ्याला ६११३ दिले, राऊटरवर दोन वेगळ्या नोंदी केल्या, की दोघेही यजमान होऊ शकत.

पण सगळ्याच गेमना अशी सोय नव्हती आणि राऊटरही शिस्तीने वागत नव्हते. डिसेंबर १९९६ मध्ये आलेल्या 'क्वेकवर्ल्ड' या गेमचा प्रोग्रॅम पुढे सर्वांसाठी खुला झाला, त्यात याचा सुंदर पुरावा सापडतो. काही राऊटर खेळ चालू असतानाच खेळाडूचे बाहेरचे पोर्ट मधूनच बदलून टाकत. सर्व्हरच्या दृष्टीने जुना खेळाडू नाहीसा होई आणि कुणी अनोळखी तिथे उभा राही. यावर गेमचे प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक खेळाडूच्या पॅकेटमध्ये स्वतःचा एक छोटा आकडा घातला, 'क्यूपोर्ट'. पत्ता तोच आणि क्यूपोर्टही तोच असेल, तर वरचे पोर्ट बदलले तरी खेळाडू तोच मानायचा आणि उत्तर नव्या पोर्टवर पाठवायचे. प्रोग्रॅममधल्या टिपेत, पत्ते बदलणाऱ्या वाईट राऊटरांवरची ही तोड आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. एकाच पत्त्यामागचे दोन खेळाडू वेगळे ओळखायलाही हाच आकडा उपयोगी. वाटेतले यंत्र ओळख पुसत असेल, तर ओळख गेमने स्वतःच जवळ बाळगावी, हा धडा गेमवाल्यांनी इतक्या लवकर घेतला.

यापुढची पायरी डॅन केगेल यांची. हजारो ग्राहकांना एकाच सर्व्हरने कसे सांभाळावे, या प्रश्नावरच्या त्यांच्या लेखामुळे त्यांचे नाव प्रोग्रॅमरांना माहीत आहे. नॅटमागच्या दोन खेळाडूंना थेट कसे जोडायचे, याची त्यांनी १९९९ साली केलेली मांडणी त्या मानाने झाकोळली गेली, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. जुने गेम 'माझा पत्ता १९२.१६८.१.५' असे आतले पत्ते पलीकडच्याला कळवत. असे पत्ते लक्षावधी घरांत सारखेच असतात, त्यामुळे बाहेर त्यांचा उपयोग शून्य. उपाय असा: दोन्ही खेळाडूंनी आधी एका ओळखीच्या सर्व्हरला पॅकेट पाठवायचे. पॅकेट प्रत्यक्षात ज्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून आले, ते सर्व्हरने टिपायचे आणि प्रत्येकाचा आतला व बाहेरचा असे दोन्ही पत्ते समोरच्याला द्यायचे. मग दोघांनी एकमेकांच्या दोन्ही पत्त्यांवर एकाच वेळी पॅकेटे सोडायची. बाहेर जाणारे पॅकेट स्वतःच्या राऊटरमध्ये परतीची नोंद करून ठेवते, त्या वाटेने समोरच्याचे पॅकेट आत येते. या युक्तीला पुढे 'होल पंचिंग' हे नाव रूढ झाले. दोघे एकाच राऊटरमागे असतील, तर आतला पत्ता आधी जुळतो आणि पॅकेट घराबाहेर पडतच नाही. एकाच वाड्यातल्या दोन कुलकर्ण्यांनी पीपी नंबर फिरवायचा नसतो, चौकातून हाक द्यायची असते. जानेवारी २००१ च्या 'आरएफसी ३०२७' मध्ये नॅटमुळे बिघडणाऱ्या प्रोटोकॉलांची चर्चा आहे आणि मुद्दाम नॅटशी जुळवून रचलेल्यांत ॲक्टिव्हिजन कंपनीच्या गेमचा उल्लेख आहे. घरातल्या आणि घराबाहेरच्या दोन्ही प्रकारच्या खेळाडूंशी त्यात खेळता येते, असे तिथे नोंदवले आहे.

२००५ साली ब्रायन फोर्ड, पिडा श्रीसुरेश आणि केगेल यांनी निरनिराळ्या राऊटरांवर चाचण्या घेतल्या. पॅकेटे पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी यूडीपीसाठी होल पंचिंग सुमारे ८२ टक्के नॅटमध्ये चालले, टीसीपीसाठी ६४ टक्क्यांत. मात्र आतल्या यंत्राने घराचाच बाहेरचा पत्ता वापरून शेजारच्या यंत्राला गाठायचे, ही 'हेअरपिन' सोय जेमतेम चतुर्थांश राऊटरांत नीट होती. आतला पत्ता न कळवणारे गेम एकाच घरात का अडतात, ते या आकड्यावरून कळते. जानेवारी २००७ च्या 'आरएफसी ४७८७' ने ही सोय राऊटरांना बंधनकारक ठरवली. दोन्ही पत्ते गोळा करून सगळ्या जोड्या आजमावण्याची तीच रीत पुढे प्रमाणित झाली आणि आज ब्राउझरमधून होणारे व्हिडिओ कॉल तिच्यावरच चालतात. परदेशातल्या मुलाशी समोरासमोर बोलणाऱ्या आईवडिलांच्या कॉलमागे गेम लिहिणाऱ्यांची ही मेहनत आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की आता बहुतेक मोठे गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, दोन्ही कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर जातात, मग अडचण उरली कुठे? हे बऱ्याच अंशी खरे आहे. सर्व्हरमुळे लबाडी रोखणेही सोपे जाते. पण या सोयीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक, अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईच्या घरातल्या दोन खेळाडूंचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर टेबलाच्या अलीकडून पलीकडे जायला संदेशाला सुमारे ७,८०० किलोमीटरचा फेरा पडतो, म्हणजे वाटेतली यंत्रे धरली नाहीत तरी ३९ मिलिसेकंद. थेट केबलने हेच काम एका मिलिसेकंदाच्या आत होते. कोणताही गेमिंग राऊटर प्रकाशाला घाई करू शकत नाही. दुसरी किंमत परावलंबनाची. ३१ मे २०१४ रोजी 'गेमस्पाय' ही जुळणी करून देणारी सेवा बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या, लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या कित्येक गेमचा ऑनलाइन खेळ एका दिवसात थांबला. ज्या गेममध्ये लॅनवर, म्हणजे घरातल्या जाळ्यातच, खेळायची सोय होती, ते घरापुरते तरी जिवंत राहिले. म्हणून गेममधली लॅनची सोय जुनाट म्हणून काढून टाकणे हा ग्राहकाचा तोटा आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. नॅटमुळे बाहेरचा कुणी थेट आत येऊ शकत नाही, मग त्यावर टीका कशाला? इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. न बोलावलेले पॅकेट अडवणे हे फायरवॉलचे काम, पत्ता बदलणे हे नॅटचे. घरच्या राऊटरमध्ये दोन्ही एकाच तक्त्यावर चालतात म्हणून ती एक वाटतात. पत्ता न बदलताही पॅकेट अडवता येते, आणि नव्या आयपीव्ही६ पद्धतीत राऊटर तेच करतात. उलट नॅटच्या जाचाला कंटाळून लोक जे करतात, तेच धोक्याचे असते. कुणी एक कॉम्प्युटर 'डीएमझेड'मध्ये टाकून सगळी पोर्टे त्याच्याकडे मोकळी सोडतो. कुणी यूपीएनपी सताड चालू ठेवतो, ज्यात आतला कोणताही प्रोग्रॅम, घातक असला तरी, कुणाला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतो.

भारतात या तिढ्याला आणखी एक गाठ पडली आहे. आशिया-पॅसिफिक विभागातला जुन्या पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आला आणि उरलेल्या शेवटच्या गठ्ठ्याचे रेशनिंग सुरू झाले. त्यामुळे इंटरनेट देणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. घरच्या नॅटवर कंपनीचे नॅट बसते. अशा जोडणीत राऊटरवर कितीही पोर्टे उघडली तरी बाहेरून काही आत येणार नाही, कारण खरा पत्ता आपल्या राऊटरकडे नसतोच. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? खरा उपाय १९९५ पासून कागदावर तयार आहे: १२८ बिटांचा आयपीव्ही६ पत्ता. त्यात दोन्ही कॉम्प्युटरांना स्वतंत्र, जगभर ओळखता येणारे पत्ते मिळतात आणि दोघेही बिनदिक्कत ३०७४ वापरू शकतात. सुदैवाने या बाबतीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. जिओसारख्या मोबाइल जाळ्यांनी सुरुवातीपासून ही पद्धत वापरल्याने ते घडले.

तेव्हा नवा राऊटर घेण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. दोन्ही कॉम्प्युटर एकाच जाळ्यात आहेत ना, ते पाहावे. एक जण 'गेस्ट' वायफायवर असेल, तर राऊटर त्यांना मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवतो. गेममध्ये लॅनची सोय असेल, तर दुसऱ्याने यजमानाचा १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता टाकावा. गेममध्ये पोर्ट बदलता येत असेल, तर दोघांना वेगळी द्यावीत. कंपनीच्या फायबरच्या डबीमागे स्वतःचा राऊटर लावला असेल, तर दोहोंपैकी एकच पत्ते बदलेल अशी व्यवस्था करून घ्यावी. राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत असेल, तर कंपनीचे नॅट मध्ये आहे हे नक्की. मग घरात खटपट न करता कंपनीकडे आयपीव्ही६ किंवा स्वतंत्र पत्ता मागावा. घरातले प्रत्येक यंत्र जाळ्यावर स्वतःच्या नावाने उभे राहू शकावे, ही इंटरनेटच्या मूळ रचनेतली अपेक्षा आहे. ती पुरी करणारी पद्धत तयार असताना नॅटवर तोडगे शोधत बसण्यात अर्थ नाही. ग्राहकाने जोडणी घेताना एमबीपीएसच्या आधी पत्त्याबद्दल विचारायला सुरुवात केली, तर कंपन्यांना उत्तर द्यावेच लागेल.