काठाची किंमत

समोर बटणांची पट्टी, वरून शिवलेले तीन-चार मोठे खिसे, आत अस्तर नाही, बाहेर नक्षी नाही. रंग फिकट निळा. पूर्वी युरोप-अमेरिकेतले कामगार असलं जॅकेट कामावर घालत. आज तेच जपानमध्ये विणून-शिवून जगभर विकलं जातं आणि त्याची किंमत रुपयांत सहज पाच आकडी होते. बटणपट्टी उलटून पाहिली की आत कापडाचा मूळ काठ दिसतो. तो दुमडून लपवलेला नसतो, मुद्दाम दिसता ठेवलेला असतो. लुगडं घेताना आधी काठ तपासणाऱ्या आपल्या आज्यांना त्यात नवल वाटलं नसतं. किंमत ऐकून मात्र त्यांनी दुकानदाराला चार शब्द सुनावले असते.

ही किंमत कशाची, ते समजायचं तर आधी मागापाशी जावं लागतं आणि मग थेट हिंगोलीच्या काळ्या रानापर्यंत यावं लागतं.

निळा ताणा, पांढरा बाणा

जॅकेटच्या या कापडाचं नाव शॅम्ब्रे. ताण्याला निळं सूत, बाण्याला पांढरं आणि वीण अगदी साधी, एक धागा वर, एक खाली. डेनिममध्ये ताण्याचा धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो, म्हणून जीनवर तिरक्या रेघा उमटतात आणि कापड जाड होतं. शॅम्ब्रे त्यापेक्षा हलकं आणि हवेशीर. दोन्ही रंग सारखेच वर दिसत असल्याने निळा रंग दुरून फिकट भासतो.

रंग निळीचा. सुताचे दोर निळीच्या हौदात बुडवायचे, बाहेर काढून हवा लागू द्यायची, पुन्हा बुडवायचे. हौदात हिरवट-पिवळं दिसणारं सूत हवेतल्या प्राणवायूने निळं होतं. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, आत पांढरं राहतं. म्हणूनच कोपरावर, खिशाच्या कडेला, जिथे घासेल तिथे जॅकेट उजळत जातं. घेणाऱ्याला हवं असतं ते हेच.

धोट्याची चाल

साध्या मागावर धोट्यात बाण्याची कांडी असते. धोटा डावीकडून उजवीकडे जातो आणि तोच धागा घेऊन परत येतो. धागा कडेला तुटत नाही, वळतो. त्या वळणांतून बांधीव काठ तयार होतो, तो उसवत नाही. बिनधोट्याच्या आधुनिक मागांवर, म्हणजे रेपियर किंवा एअरजेटवर, बाण्याचा प्रत्येक धागा कापला जातो. तिथे कडेला झालर राहते आणि ती वेगळ्या धाग्यांनी अडकवून धरावी लागते.

फरक वेगाचाही आहे. एअरजेट माग मिनिटाला सहाशेच्या वर धागे टाकतो, जुना धोट्याचा माग दीडशेच्या आसपास. जपानच्या जुन्या मागांवर पन्हा जेमतेम पाऊण मीटर निघतो, म्हणून एका जॅकेटला मीटरही जास्त लागतात. शिवणाऱ्याला बेतताना समोरच्या पट्टीची सरळ रेघ नेमकी काठावर आणावी लागते. तशी आणली की तिथे दुमडीची गरज उरत नाही.

टोयोडाचे माग

जपानमधलं काठाचं कापड बहुतांशी टोयोडाच्या जुन्या मागांवर विणलं जातं. साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित ‘जी’ माग १९२४चा. धागा तुटला की तो आपोआप थांबे आणि धावतेपणीच धोटा बदले. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांच्या बोलीवर त्याचे हक्क घेतले. पुढे याच घराण्याने टोयोटा मोटारी काढल्या.

ओकायामा प्रांतातलं कोजिमा हे या धंद्याचं ठळक केंद्र. समुद्र हटवून मिळवलेल्या तिथल्या खारट जमिनीत भात येईना, म्हणून लोकांनी कापूस लावला. मग शाळेचे गणवेश शिवले आणि १९६५ पासून जीन. दरम्यान अमेरिकेतल्या गिरण्यांनी धोट्याचे माग मोडीत काढले. तिथली व्हाइट ओक ही नावाजलेली डेनिम गिरणी २०१७ अखेर बंद पडली. जपानच्या छोट्या गिरण्यांनी मात्र संथ मागावरचं कापड हा वेगळा माल ठरवला आणि दरही वेगळा लावला.

हिंगोलीचा कापूस

जपानच्या गिरण्या एकेकाळी आपल्या कापसावर चालत. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन काइशा या कंपनीला जोडीला घेऊन मुंबई-जपान बोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी. १९३३ साली इंग्रज सरकारने जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला. १९३४च्या करारात कापूस आणि कापड एकमेकांना बांधले गेले: जपान जितक्या गाठी उचलेल, त्या मानाने त्याचं कापड इथे येईल.

तेव्हाची हिंगोली निजामाच्या राज्यातली कापसाची मोठी पेठ होती. नांदेड-परभणी पट्ट्याचा देशी ‘गावरानी’ कापूस नावाजलेला होता. त्याच वाणावर परभणीच्या मेहबूबबाग कापूस संशोधन केंद्राने काम केलं आणि पीए २५५ (परभणी तुराब), पीए ४०२ (विनायक) असे सरळ देशी वाण दिले. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर शेतं संकरित कपाशीने भरली. पाण्याचा ताण सोसणारी देशी कपाशी मोजक्या रानांत उरली. तिच्या कापसाचं जिनिंग वेगळं होत नाही, तोवर तिचं सूत वेगळं कसं मिळणार?

आपल्याकडचा काठ

धोट्याचे माग आपल्याकडे कमी नाहीत. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. भिवंडी, मालेगावचे साधे माग आजही असंच काठाचं कापड विणतात. पण मजुरी ठरते ‘पिक’वर, म्हणजे बाण्याच्या धाग्यांच्या मोजणीवर, कोरं कापड व्यापारी मीटरच्या दराने उचलतो आणि प्रोसेसिंगला परराज्यात पाठवतो. कुणी विणलं, कुठल्या कापसाचं, याची नोंद कापडासोबत जात नाही. अनेक साधे माग किलोच्या भावाने भंगारात गेले.

हिंगोलीच्याच मराठवाड्यात सूत मोजून-तपासून घेण्याची एक रीत मात्र आहे. राष्ट्रध्वजाची खादी उदगीरला विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज शिवले जातात. धागा, वजन, रंग, सगळं ठरलेल्या मानकाप्रमाणे लागतं.

दुकानात पारखताना एवढं लक्षात ठेवावं: काठ हा मागाचा पुरावा, दर्जाचा नव्हे. हलक्या सुताचं, कच्च्या रंगाचं कापडही धोट्याच्या मागावर निघतं. म्हणून एक धागा ओढून त्याचा गाभा पाहावा, ओल्या रुमालाने रंग घासून पाहावा आणि कापड उजेडात धरून वीण सारखी आहे का ते बघावं.

जपानचे जुने माग टिकले, कारण त्यांच्यावरच्या कापडाला चढा दर देणारं गिऱ्हाईक मिळालं. हिंगोलीचा देशी कापूस, उदगीरची तपासणीची शिस्त आणि इचलकरंजीचा धोटा एका कापडात आणायचे, तर तसा दर देणारा व्यापारी आधी पुढे यायला हवा. माग कौतुकावर चालत नाही, कापडाच्या ऑर्डरवर चालतो.