जवळची वाट नेहमीच का नसते?

तुम्ही कान्हे स्टेशनावर उभे आहात असे समजा. लोकल येते, थांबते. डेक्कन क्वीन मात्र धडधडत निघून जाते. रूळ तेच, गावही तेच. फरक केवळ नियमाचा.

संगणकांच्या जाळ्यातही असेच चालते. तुमचा संदेश लहान लहान पुडक्यांतून प्रवास करतो. प्रत्येक पुडक्याला पुढची दिशा दाखवणारे यंत्र म्हणजे राऊटर. तो जवळची वाट निवडत असेल, असे तुम्हांला वाटेल. पुष्कळदा तसे नसते! कोणाची वाहतूक घ्यायची, कोणाच्या तारेला पैसे पडतात, यावर वाट ठरते. पूर्वी आपल्याच देशातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधली पुडकी कित्येकदा परदेशाची फेरी करून येत. ती देशातच अदलाबदल व्हावीत म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली.

असे नियम शेकडो राऊटरांत हाताने भरायचे तर चुका होणारच. शिवाय प्रत्येक कारखान्याच्या यंत्राची भाषा निराळी. म्हणून नियम आधी एका समान नमुन्यात लिहितात. १९९८ मध्ये प्रमाण ठरलेली एक्सएमएल ही लेखनपद्धती त्या कामी येते. तीत प्रत्येक माहितीला तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली असते:

<नियम><पत्ता>कान्हे</पत्ता><दिशा>लोणावळा</दिशा><सीमा>मावळ</सीमा></नियम>

(होय, चिठ्ठ्या देवनागरीतही चालतात.) म्हणजे कान्हे गावाची पुडकी लोणावळ्याकडे पाठवा, पण ही सूचना मावळाबाहेर कोणाला सांगू नका. 'सीमा' राहून गेली असेल, तर नियम लागू होण्याआधीच संगणक ते दाखवून देऊ शकतो.

सीमा न पाळल्यास काय होते? २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी 'हे पत्ते आमच्याकडे' असा नियम केला. तो देशाबाहेर फुटला आणि सुमारे दोन तास जगातल्या बऱ्याच भागांतून यूट्यूब दिसेनासे झाले. राऊटरांनी त्यावर विश्वास कसा ठेवला? 'मावळ तालुका' आणि 'कान्हे' अशा दोन पाट्या असतील, तर पोस्टमन कान्ह्याचे पत्र घेऊन कोणत्या पाटीमागे जाईल? राऊटरही नेमक्या पाटीलाच मानतो. यूट्यूबची पाटी १०२४ पत्त्यांची होती. पाकिस्तानची त्यांतल्याच २५६ पत्त्यांची.

यूट्यूबने मग स्वतःही २५६ पत्त्यांची पाटी लावली. पण बरोबरीच्या पाट्यांत काही राऊटर जुन्याच वाटेने जात राहिले. तेव्हा त्यांनी १२८-१२८ पत्त्यांच्या दोन पाट्या लावल्या, आणि पुडकी घराकडे वळू लागली.