वेधशाळेचा अंदाज आणि घरी राहिलेली छत्री

जूनचा दुसरा आठवडा. टपरीवर चहाबरोबर पेपरचं पहिलं पान हातोहात फिरतं आणि कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं, "वेधशाळेनं मुसळधार सांगितलाय ना? मग आज गोधड्या धुवायला हरकत नाही!" हा विनोद आपल्या आजोबांनीही केला असेल. पुण्यात तर तो शिमला ऑफिसच्या सावलीत उभं राहून करायची सोय आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. पण इथल्या चौकाला शिमल्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

विनोद जरूर करावा. फक्त त्याआधी अंदाज पुरता वाचलेला असावा. "आज माझ्या गल्लीत पडणार की नाही?" याचं उत्तर आपण त्यात शोधतो आणि अंदाज मात्र अख्ख्या जिल्ह्याबद्दल बोलत असतो. निम्मे गैरसमज इथेच जन्माला येतात.

गैरसमज : मुसळधार म्हणाले आणि आमच्याकडे थेंब नाही, म्हणजे अंदाज फसला.

वस्तुस्थिती : मूळ अंदाजात बहुधा 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असं असतं. मथळा करताना पहिले दोन शब्द गळतात, आणि खरी माहिती त्यांतच असते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्याहून अधिक असेल तर 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी तीन चतुर्थांश भाग कोरडा राहू शकतो.

'मुसळधार' हाही नुसता वर्णनाचा शब्द नाही. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. पंचनाम्याच्या भाषेतली 'अतिवृष्टी'सुद्धा महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या पुढे मोजली जाते.

पाऊस किती तुकड्यातुकड्यांनी पडतो, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवला. त्याच चोवीस तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर पडला. उपनगरात माणसं छातीभर पाण्यातून घर गाठत होती, तर कुलाब्याच्या दृष्टीनं तो पावसाळ्यातला एक भरघोस दिवस होता. त्या दिवशी 'मुंबईत किती पाऊस पडला?' या प्रश्नाला एकच एक उत्तर नव्हतं.

गैरसमज : रेड अलर्ट देऊन शाळा बंद केल्या आणि लख्ख ऊन पडलं. उगाच घाबरवतात.

वस्तुस्थिती : रंग म्हणजे नुसती पावसाची पट्टी नव्हे. हिरवा असेल तर इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. किती पडेल याबरोबरच तो पडण्याची शक्यता आणि त्यातून होऊ शकणारं नुकसान पाहून रंग ठरतो. शाळांना सुट्टी देणं हा निर्णय मात्र जिल्हा प्रशासनाचा, हवामान खात्याचा नव्हे.

शिवाय जिल्हा हा काही एकसारखा सपाट तुकडा नसतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आलात की त्याचा पाचवा हिस्साही नाही. पुणे जिल्ह्यात ताम्हिणी आहे आणि इंदापूरही. म्हणून आता घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा दिला जातो. 'पुणे घाट'ला लाल रंग असेल, तर कोथरूडच्या बाल्कनीतून आकाश पाहून त्याची परीक्षा घेता येत नाही.

गैरसमज : तासाभरात रस्त्याची नदी झाली, म्हणजे ढगफुटीच.

वस्तुस्थिती : ढगफुटीला व्याख्या आहे. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. त्याच्या निम्म्या पावसातही आपल्या शहरांचे रस्ते तुंबतात, कारण नाले बुजलेले असतात आणि ओढ्यांवर इमारती उभ्या असतात. तुंबलेलं पाणी पाहून 'ढगफुटी' म्हणून टाकलं की दोष आभाळाच्या खात्यावर जमा होतो आणि नाल्याचा हिशेब कोणी विचारत नाही.

गैरसमज : मॉन्सून आला, आता तिफण बाहेर काढा.

वस्तुस्थिती : 'मॉन्सून दाखल' ही तांत्रिक घोषणा आहे. केरळमधलं आगमन जाहीर करताना ठरावीक १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला का, हे बघतात आणि वाऱ्यांची व ढगांची स्थितीही जोडीला तपासतात. आगमनानंतर पाऊस रोज पडेल, अशी हमी त्यात कुठेच नसते.

२०२५ चं उदाहरण ताजं आहे. मॉन्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. एवढ्या लवकर आल्याची नोंद आधीच्या पंच्याहत्तर वर्षांत नव्हती. पेपरात जल्लोष झाला आणि मेअखेरीपासून स्वारी जूनच्या मध्यापर्यंत जागीच अडून बसली. म्हणून कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी तोच असतो : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल पुरेशी मुरल्याशिवाय पेरणी नको. घाईनं टाकलेलं सोयाबीन उगवून करपलं, तर दुबार पेरणीचं बियाणं पुन्हा पदरच्या पैशानंच आणावं लागतं.

गैरसमज : यंदा पाऊस सरासरीइतका, म्हणजे चिंता मिटली.

वस्तुस्थिती : ही सरासरी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची, आणि तीही सगळ्या देशाची. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ती सुमारे ८७ सेंटिमीटर धरली आहे. ९६ ते १०४ टक्के पडला की 'सर्वसाधारण' म्हणायचं. जुलै कोरडा गेला आणि सप्टेंबरात चार दिवसांत शेतं वाहून गेली, तरी बेरीज बरोबर येऊ शकते. बेरजेवर पीक येत नाही. ते दोन पावसांमधल्या खंडावर ठरतं. पंचांगातला मृगाचा बेडूक किंवा आर्द्रेचा हत्ती वाचून पेरणी ठरवणाऱ्यांना हसणारे लोक देशाच्या टक्केवारीवरून आपल्या तालुक्याचं भाकीत करतात, तेव्हा तेही फारसं वेगळं करत नसतात.

गैरसमज : उपग्रह आहेत, सुपरकॉम्प्युटर आहेत, तरी चुकतं म्हणजे कामात ढिलाई.

वस्तुस्थिती : १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचं गणित सोडवत होते. जुनं गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढंच भरलं. थोड्याच वेळात दोन्ही उत्तरं इतकी फाकली की एकाचा दुसऱ्याशी संबंध लागेना. आजचं हवामान आपण कितीही बारकाईनं मोजलं तरी मोजमापात असा शेपटाएवढा फरक राहतोच, आणि पुढच्या प्रत्येक दिवसागणिक तो फुगतो. म्हणून उद्याच्या अंदाजाइतका आठव्या दिवसाचा भरवशाचा नसतो.

चौकटीचाही प्रश्न आहे. पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सहा किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करते. आधी चौकट बारा किलोमीटरची होती. दुपारी उभा राहून तासाभरात कोसळणारा वळवाचा ढग याहूनही लहान असू शकतो.

याउलट चक्रीवादळं मोठी असतात, त्यांचा माग आधीपासून लागतो. १९९९ च्या वादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये लाखो लोकांना आधीच हलवलं आणि बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. बरोबर आलेल्या अंदाजावर मात्र टपरीवर विनोद होत नाहीत, म्हणून ते लक्षातही राहत नाहीत.

एवढं करून पाहा

सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा गच्चीवर उघड्यावर ठेवा आणि सकाळी साडेआठला फूटपट्टी घालून पाणी मोजा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच बदलतो, त्यामुळे काल संध्याकाळची सर आजच्या तारखेत जाते. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हाच उद्योग गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मेहुण्यालाही लावून द्या आणि महिनाभर दोन्ही आकडे शेजारी लिहा. एकाच गावातले ते आकडे जुळायला तयार होत नाहीत, हे दिसलं की 'तुरळक ठिकाणी' हे शब्द आपोआप डोळ्यांत भरू लागतील.

मग टपरीवर खुशाल विनोद करा. फक्त तो मिलिमीटरमध्ये असू द्या.