अडीचशे मिलीलीटरचा हिशेब

पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर तिथे मोफत शस्त्रक्रिया होतात. बिलाची खिडकीच नाही. सुनील गावसकरांनी २०१९ मध्ये सत्तरीनिमित्त ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलायचं ठरवलं. भारतासाठी ठोकलेल्या ३४ कसोटी आणि एका एकदिवसीय शतकाचा तो हिशेब.

पैशाचं गणित असं सुटलं, तरी टेबलावर दुसरं उरतंच. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम अडीचशे मिलीलीटर, एका पेल्यात मावेल इतकं. हृदय थांबवून उघडायचं, तर तेवढा वेळ रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवावं लागतं. मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर आधी द्रवाने भरून हवा काढून टाकावी लागते. हा झाला प्राइम. मोठ्यांच्या मशीनला तो दीड लीटरच्या आसपास लागतो आणि प्रौढाच्या पाच लीटर रक्तात खपून जातो. बाळाचं रक्त मात्र त्याने पार पातळ होतं, मग दात्याचं रक्त मिसळावंच लागतं.

१९५४ मध्ये मिनिआपोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी मशीनलाच फाटा दिला होता. मुलाचं रक्ताभिसरण आईच्या किंवा वडिलांच्या रक्ताभिसरणाला जोडायचं आणि पालकाच्या हृदय-फुप्फुसांवर मूल तगवायचं. एका शस्त्रक्रियेत दोन जीव टांगणीला! पद्धत टिकली नाही यात नवल नाही.

दात्याचं रक्त कमी लागावं, तर मशीनच लहान करायला हवं, आणि त्यातली खरी गंमत नळीत आहे. पाव इंची नळीच्या मीटरभर लांबीत सुमारे ३२ मिली मावतं. त्याच्या निम्म्या व्यासाच्या नळीत फक्त ८. म्हणून मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट नळी बारीक घेतो, शिवाय पंप खांबावर बसवून टेबलाला भिडवतो. वाचलेल्या प्रत्येक वीतभर नळीचा हिशेब लागतो. नवजातांसाठीचे ऑक्सिजनेटर आता तीस-चाळीस मिलीचे मिळतात. बर्लिनच्या हृदयरोग केंद्राने तर नळ्यांसकट सगळ्या सर्किटचा प्राइम शंभर मिलीच्या आसपास आणला.

यात धोकाही आहे. बारीक नळीतून रक्त नुसत्या उतारावर मशीनच्या टाकीत येत नाही, हलकं व्हॅक्यूम लावावं लागतं. ते जास्त झालं की तांबड्या पेशी फुटतात. टाकीत रक्तही थोडंच. ती रिकामी होऊन धमनीच्या नळीत हवा शिरायला काही सेकंद पुरतात, म्हणून पातळी घसरताच पंप थांबवणारा सेन्सर लावतात. सर्किट जितकं छोटं, तितकी सावरायला उसंत कमी. त्यामुळे ते किती छोटं करायचं, हे कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा ते चालवणाऱ्या टीमच्या सरावावर ठरावं.