अनाथाचा सातबारा

अनाथ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आश्रम उभा राहतो. १८७५ साली पंढरपुरास बालकाश्रम निघाला, तेव्हापासूनची ही परंपरा थोरच आहे. परंतु आईबाप गेलेली पुष्कळ मुले आश्रमात जातच नाहीत. ती चुलत्याकडे, मामाकडे, आजीकडे वाढतात. त्यांच्या हक्कांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

लोणी काळभोरचेच पाहा. सोलापूर रस्त्याने शहर सरकत आले आणि तेथल्या गुंठ्यागुंठ्याला भाव आला. अशा गावी पोरक्या मुलाची खरी मिळकत म्हणजे बापाची जमीन. वारसाची वर्दी तीन महिन्यांत महसूल दप्तरी द्यावी, मूल अज्ञान असल्यास ती पालकाने द्यावी, असे १९६६ ची जमीन महसूल संहिता सांगते. मग सातबाऱ्यावर मुलाच्या नावापाशी ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी अक्षरे व चुलत्याचे नाव येते. ही अक्षरे पुष्कळांना उलटी कळतात! चुलता मालक होत नाही, राखणदार होतो. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे, केवळ सांभाळ करतो एवढ्यावरून कोणासही अज्ञानाची मिळकत विकता येत नाही. कोर्टाने नेमलेल्या पालकालाही स्थावर विकण्यास कोर्टाची परवानगी लागते. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याचे मात्र निराळे. तेथे वकील गाठलेला बरा. मूल सज्ञान झाले की अर्ज देऊन ती अक्षरे कमी करून घ्यावी.

करोनाने दोन्ही पालक हिरावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ साली पाच लाखांची ठेव दिली, ती मुलाच्या व जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या संयुक्त खात्यात. जमिनीवर अशी दुसरी सही नाही.

चुलत्यावर संशयच घ्यावा, असे नव्हे. पुष्कळ चुलते आपल्या पोरांच्या ताटातला घास काढून देतात. त्यांच्यासाठीच बालसंगोपन योजना आहे: बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलामागे दरमहा अनुदान मिळते, २०२३ साली ते २२५० रुपये झाले. हे मागण्यात कमीपणा कसला?

राहिला दाखला. गोव्याच्या आश्रमात वाढून पुण्यात शिकलेली एक तरुणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत अडली; आईबापच ठाऊक नाहीत, तर जातीचा व उत्पन्नाचा कागद आणणार कोठून? तिच्या खटपटीनंतर २०१८ साली राज्याने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले, आणि २०२३ च्या निर्णयात नातलगांकडे वाढलेल्यांचाही प्रवर्ग आला. मात्र अनाथ प्रमाणपत्र हवे. शेजारच्या घरी असे मूल असेल, तर आईबापांचे मृत्यूचे दाखले व मुलाचा जन्मदाखला जपून ठेवले आहेत की नाहीत, एवढे तरी विचारून या.