नोटीस पोहोचली, सरकार पोहोचले नाही

'मला माहीतच नव्हते' असा बचाव कोणी घेतला की आम्ही वकील आधी नोटीस शोधतो. बोहायाच्या प्रकरणात ती शोधावी लागत नाही.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात अत्रातो नदीकाठी बोहाया हा तालुका आणि बेयाविस्ता हे त्याचे मुख्य गाव. वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची. सोन्याच्या खाणींत राबवण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. नदी हाच त्यांचा रस्ता. 1993 च्या कायद्याने अशा समाजांचा जमिनीवरील सामूहिक हक्क मान्य केला आणि 1997 मध्ये इथल्या गावांच्या संघटनेला सुमारे 7 लाख हेक्टरची सनद मिळाली. सनद हातात पडली त्याच सुमारास बंदुकाही आल्या. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

मार्च 2000 मध्ये फार्क या डाव्या बंडखोर संघटनेने हल्ला केला. पोलीस गेले, ते परतलेच नाहीत. एप्रिल 2002 मध्ये फार्कच्या विरोधातल्या उजव्या सशस्त्र टोळ्या होड्यांतून नदीने वर आल्या. वाटेतल्या सरकारी चौक्यांनी त्यांना अडवले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने सरकारला लेखी इशारा दिला. देशाच्या लोकपालानेही दिला. सरकार हलले नाही.

1 मे रोजी गोळीबार सुरू झाला. पक्क्या भिंतींचे म्हणून शेकडो लोक चर्चमध्ये शिरले. टोळीवाल्यांनी त्याच चर्चच्या आडोशाने मोर्चा लावला. 2 मे रोजी सकाळी फार्कने डागलेला स्फोटकांनी भरलेला गॅस सिलिंडर छप्पर फोडून आत पडला. 80च्या आसपास माणसे मेली, त्यांत 40 हून अधिक मुले. हजारो लोक होड्यांनी किब्दो शहराकडे पळाले. लष्कर आले ते काही दिवसांनी. मारणारे दोन आणि येऊ देणारा तिसरा, असे हे आरोपपत्र आहे. तिसऱ्याचे नाव त्यातून वगळता येणार नाही.

गाव पुढे थोड्या अंतरावर नव्याने बांधले. 2016 मध्ये घटना न्यायालयाने अत्रातो नदीलाच हक्कधारक ठरवले. (नदीला हक्क मिळाले, काठच्या माणसाला सुरक्षितता कधी?) त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला फार्कबरोबरच्या शांतता करारावर सार्वमत झाले. देशाने निसटत्या फरकाने करार नाकारला. बोहायाने सुमारे 96 टक्के मतांनी तो स्वीकारला. ज्यांची मुले गेली त्यांनी समेट मागितला. ज्यांनी युद्ध टीव्हीवर पाहिले, त्यांतल्या अनेकांना तो नको होता.

ओळख पटवलेले अवशेष नोव्हेंबर 2019 मध्ये गावी आले. तेव्हा कुठे बायकांना आपल्या मृतांसाठी रीतीप्रमाणे शोकगीते गाता आली. दोन महिन्यांच्या आत, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, त्याच तालुक्यातील पोगे गावात दुसऱ्याच एका टोळीचे शेकडो बंदूकधारी शिरले. हत्याकांडातून वाचलेले नेते लेनेर पालासिओस यांनी ते जाहीरपणे सांगितले. त्यांना जिवे मारण्याची धमकी आली.